लाल पेन

पहिल्याच दिवशी फळ्याशेजारच्या तक्त्यावर
मी लाल पेनानं मुलांची नावं लिहिली.
अकरा नावं, ठळक, सुवाच्य,
आणि वर्ग असा गप्प झाला
जसं कुणी खिडकीतून खाली पडलं.
कू बाईंनी तक्ता हळूच उतरवला.
मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशीनपाशी म्हणाल्या,
लाल शाईत आम्ही गेलेल्यांची नावं लिहितो.
दुरुस्त्या लाल चालतात. नावं तेवढी नाही.
आणि दोन्ही हातांनी
एक निळं पेन माझ्यापुढे धरलं.

गोहुंगमध्ये समुद्र दिसत नाही,
बसच्या सीटला त्याचा वास येतो.
शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहते.
एकदा एक म्हातारा येऊन बसला,
माझं मनगट धरून अंगठ्यानं घासलं,
रंग जातो का बघितलं.
मग पिशवीतलं रताळं काढून सोललं
आणि अर्धं मला दिलं.
दोन्ही कामं त्याच बोटांनी.
मी खाल्लं. गोड होतं.
अजून ठरवता आलेलं नाही
त्याच्याबद्दल घरी काय सांगायचं.

वय सगळे विचारतात.
वय कळल्याशिवाय माझ्यापुढे
त्यांना क्रियापदच लावता येत नाही.

खाली घरमालकीण, पे आजी.
तिच्या जिभेवर माझं नाव गोल होऊन बसतं:
जोल्लेका.
जिन्यात भेटली की, जेवलीस?
सुरुवातीला मी खरं सांगायचे.
नाही, अजून नाही, कालचा पाव आहे.
की ही चपला फटफटवत आत,
आणि वाटीत मुळ्याचं किमची, वर रागावणं.
तीन महिन्यांनी कळलं
की तो प्रश्न नव्हताच.
आता हो म्हणते.
वाटी तरी येतेच.

तर, चौथीची वही.
निबंध: माझं कुटुंब.
मुलं इंग्रजीत 'माझं' लिहीतच नाहीत.
आमचं घर. आमची आई. आमचा कुत्रा,
बॅन ग्यू-चोलचा तर आमचा दात, जो पडला.
मी फळ्यावर बाण काढले.
'आमची' म्हणजे कितीजणांची?
तुला भाऊ नाही, बहीण नाही, मग?
पोरं एकमेकांकडे बघत राहिली,
बाईंना आकडे येत नाहीत की काय.
रात्री हिटरपाशी बसून मी
एकेका आईला एकवचनात आणत गेले,
लाल रेघ, वर 'माझी'.
सातवी वही नाम दा-इनची.

आमची आई बुसानला असते.
आमची आई रविवारी सहाला फोन करते.
कधी सातला.
कधी आमची आई विसरते.

पेन वरच राहिलं.
आणि आठवलं मला, इतक्या उशिरा,
की आमच्याकडे, उम्थाथात,
'माझ्या घरी जाते' असं कुणी म्हणालं
तर लोक थांबवून विचारायचे,
का गं, बाकीचे कुठे गेले?
'माझं' मीही शाळेतच शिकले होते.
पट्टीनं, तळहातावर.
त्याच तळहाताच्या भरवशावर
मला इथली नोकरी मिळाली.

दा-इनची वही मी तशीच मिटली.
एक खूणही केली नाही.
कू बाईंनी विचारलं असतं तर म्हणाले असते,
नजरचुकीनं राहिलं.

सोमवारी वह्या वाटल्या.
मंगळवारी ती टेबलापाशी आली,
वही दोन्ही हातांनी पुढे केली.
शेजारणीच्या वहीत बघून
तिनं आपलं आपणच सुधारलं होतं,
खोडरबरानं कागद पातळ होईपर्यंत:
माझी आई. माझी आई. माझी आई.
बाई, आता बरोबर?

इथे बरोबर उत्तराला गोल काढतात.
मी लाल पेन उघडलं
आणि गोल काढला,
अगदी लहान, पानाच्या कडेला,
तिच्या नावाला कुठे लागणार नाही
असा जपून.